सीएसएसडीचं प्रशिक्षण बदलतंय : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, अठरा वर्षं आणि सीएसएसडीत, म्हणजे अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागात, अकरा वर्षं काढून आता मी शिकवते. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत कामाला असलेली पोरं, मेडिकल चौकाच्या आसपास खोली घेऊन कोर्स शोधणारी भंडारा-गोंदियाकडची मुलं-मुली, आणि त्यांना कामावर ठेवणारे डॉक्टर, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच असतात. आम्ही काही जणांनी मिळून निर्जंतुकीकरण कामगारांचं प्रशिक्षण नव्यानं लिहायला घेतलं, तेव्हापासून तर फोन थांबत नाही. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. काही लांबली आहेत. ज्याला घाई असेल त्यानं धुण्याचं उत्तर तेवढं वाचावं.

सीएसएसडी म्हणजे काय, आणि तिथला माणूस दिवसभर करतो काय?

सेंट्रल स्टराइल सप्लाय डिपार्टमेंट : ऑपरेशनमध्ये वापरलेली अवजारं पुढच्या रुग्णासाठी तयार करणारा विभाग. ओटीतून रक्ताळलेला ट्रे येतो. तो मोजून घ्यायचा, धुवायचा, वाळवायचा, भिंगाखाली तपासायचा, सेट लावायचा, गुंडाळायचा, निर्जंतुक करायचा, साठवायचा आणि नोंद करून परत द्यायचा. रुग्णाला हा माणूस कधीच दिसत नाही. बहुतेक ठिकाणी त्याची जागा तळघरात, नाहीतर ओटीमागच्या अरुंद बोळात असते.

जुना अभ्यासक्रम वाईट होता का?

वाईट नव्हता, तो वेगळ्या काळातल्या ओटीसाठी लिहिलेला होता. तेव्हा भोकांचे स्टीलचे ड्रम होते, त्यात गॉज, कापसाचे पॅड आणि सुती गाऊन भरायचे, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) लावायचा, झाकण फिरवून भोकं बंद करायची. अवजारं बहुतेक सपाट आणि ठोकळ असायची. ब्रश मारला की निघाली.

आज त्याच मुलाच्या हातात लॅप्रोस्कोपीचं ग्रास्पर येतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फेको हँडपीस येतो, गुडघा बदलण्याचे पाच-सहा ट्रे येतात. एकेका अवजाराचे चार भाग सुटे होतात, आत नळी, नळीत स्प्रिंग. आणि आमच्या जुन्या नोट्समध्ये धुण्याबद्दल काय लिहिलं होतं? ‘साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावे.’ एवढी एक ओळ. ऑटोक्लेव्हला मात्र दोन दिवस, आणि त्यातलाही अर्धा वेळ आकृती काढण्यात. स्कोपच्या (दुर्बिणीच्या) डब्यात फॉर्मेलिनच्या गोळ्या ठेवायचं शिकवणारं पान मी स्वतः शिकवलेलं आहे. ते आता काढून टाकलं.

तेव्हा बदल मुख्यतः प्रमाणाचा आहे. बटण दाबायला शिकवण्यात जाणारा वेळ आम्ही सिंककडे, तपासणीच्या टेबलाकडे आणि नोंदवहीकडे वळवला.

धुण्यावर एवढा भर कशाला? ऑटोक्लेव्ह सगळं मारतोच ना?

हा प्रश्न मला सर्जननंही विचारलाय. वाफ जंतू मारते, पण त्यांच्यापर्यंत पोचली तर. आर्टरी फोर्सेप्सच्या सांध्यात रक्त सुकून बसलं की त्याचा पापुद्रा धरतो आणि वाफ वरूनच फिरून जाते. शिवाय मेलेले जंतू अवजारावर तसेच चिकटून राहिले तरी त्यांच्यातल्या विषानं रुग्णाला ताप भरू शकतो.

वर्गात मी अंड्यापासून सुरुवात करते. दोन बशांना अंड्याचा पांढरा भाग फासायचा. एक बशी कोमट पाण्यात धुवायची, दुसरीवर उकळतं पाणी ओतून मग धुवायची. दुसरी बशी घासून घासून मनगट दुखतं. रक्तही प्रथिनच, उकळत्या पाण्यात तेही असंच धरून बसतं. तरीही ‘आधी जंतू मरू दे’ म्हणून अवजारं गरम पाण्यात टाकून मग धुणारी ठिकाणं मी याच शहरात पाहिली आहेत. एन्झायमॅटिक डिटर्जंट (रक्तातली प्रथिनं तोडणारा साबण) कोमट पाण्यातच कालवायचं, किती कोमट आणि किती वेळ ते बाटलीवर लिहिलेलं असतं. सकाळी कालवलेलं पाणी दिवसभर वापरायचं नाही. गढूळ झालं की ओतून द्यायचं.

दुसरी खोड हायपोची. अवजारं हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, द्रावणात, कुठे सलाइनमध्ये, तासन्‌तास बुडवून ठेवतात. दोन्हींतल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. पुढच्या ऑपरेशनचं रक्त त्या खड्ड्यांत जाऊन बसतं, आणि मग ‘कंपनीनं हलका माल दिला’ म्हणून ओरड सुरू. ओटीतच साध्या पाण्याचा ओला टॉवेल झाकून किंवा एन्झायमॅटिक फेस मारून ट्रे पाठवला, रक्त वाळू दिलं नाही, तर खाली अर्धी मेहनत वाचते. म्हणून ओटीच्या सिस्टर, ब्रदर, मामा-मावशी यांच्यासाठीही आम्ही दोन तासांचं सत्र ठेवलं. सुरुवातीला त्यांना ते कमीपणाचं वाटलं. अंड्याच्या बशीनंतर वाटलं नाही.

आता नळ्या. सक्शन कॅन्युला, ट्रोकार, लॅप्रोस्कोपीची अवजारं आतून पोकळ. ब्रश नळीच्या मापाचा हवा. बारीक ब्रश भिंतीला टेकतच नाही, जाड आत शिरत नाही. घासायचं पाण्याच्या खाली धरून, नाहीतर तुषार थेट तोंडावर. मग नळीतून जोरानं पाणी सोडून बाहेर येणारं पाणी पांढऱ्या गॉजवर घ्यायचं. गॉज सांगतो काय ते.

भारतात लॅप्रोस्कोपीनंतर येणाऱ्या एका संसर्गाबद्दल डॉक्टरांनी खूप लिहिलं आहे. पोटावरच्या छिद्रांची जखम भरते, रुग्ण घरी जातो, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी गाठ येते, पू वाहतो, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. पाण्यात राहणारे, क्षयाच्या जंतूंचे हे चुलतभाऊ : अ‍ॅटिपिकल मायकोबॅक्टेरिया. अवजार उघडून न धुता ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात थोडा वेळ बुडवलं, नळाच्या पाण्यानं खळबळलं आणि वापरलं, की त्यांचं फावतं. औषधं महिनोन्‌महिने चालतात. टाके निघून इतके दिवस झालेले असतात, की धुणाऱ्याचं नाव कुणाला आठवतही नाही.

नव्या आराखड्यात प्रात्यक्षिकाचे निम्मे तास सिंकवर आहेत.

‘मॅडम, टेप तं काळी झाली ना, मंग झालं!’ हे बरोबर आहे का?

नाही. आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की परीक्षेत याच्यावरच पहिला प्रश्न ठेवलाय.

बंडलावरची टेप एवढंच सांगते, की हे बंडल ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आलं. कच्चं आणि पक्कं वेगळं ओळखायला ती चांगली. आत, गुंडाळलेल्या सेटच्या पोटात, वाफ पोचली का, पुरेसा वेळ टिकली का, हे तिला ठाऊक नसतं. त्यासाठी सेटच्या आत, वाफ जायला सर्वांत अवघड अशा कोपऱ्यात, रासायनिक इंडिकेटर (वाफेनं रंग बदलणारी पट्टी) ठेवायचा. त्याचे प्रकार १ ते ६ आहेत. टेप प्रकार १ मध्ये येते, आतला इंटिग्रेटर (वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही तपासणारी पट्टी) प्रकार ५ मध्ये. आकडा मोठा म्हणजे परीक्षा तितकी अवघड असं मुलं धरून चालतात, पण मधला प्रकार २ हा वेगळ्याच कामाचा. तो बाउई-डिक चाचणीसाठी.

बाउई-डिक ही चाचणी १९६३ पासूनची. व्हॅक्यूमवाल्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा पूर्ण ओढली जाते का ते ती दाखवते. सकाळी यंत्र तापवून घेतल्यावर पहिला लोड लावायच्या आधी, रिकाम्या चेंबरमध्ये, एकटा चाचणीचा पॅक खाली ड्रेनवर ठेवायचा. १३४ अंशांना साडेतीन मिनिटं. कागदाचा रंग सगळीकडे सारखा आला तर दिवस सुरू. मधे फिकट डाग राहिला, तर आत हवा राहिली, यंत्र बंद, बायोमेडिकल इंजिनिअरला फोन. साध्या, व्हॅक्यूम नसलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये ही चाचणी करण्यात अर्थ नाही. कंपनीचा माणूस पॅक विकायला आला म्हणून घेऊ नका.

हवा इतकी का छळते? चेंबरमध्ये हवा अडकली, तर काटा दाब बरोबर दाखवतो आणि तापमान मात्र कमी राहतं. आपले जुने लोक फक्त दाबाचा काटा बघायचे. ‘पंधरा पाउंड आलं’ की घड्याळ लावायचे. पंधरा पाउंडाला १२१ अंश आणि तीसला साधारण १३४, पण ते निव्वळ वाफ असेल तर. व्हॅक्यूम नसलेल्या यंत्रात गुंडाळलेल्या सेटला १२१ अंशांवर ३० मिनिटं धरावी लागतात, आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून. अवजाराच्या कंपनीनं वेगळं सांगितलं असेल तर तिचं ऐकायचं.

सर्वांत वरचा पुरावा स्पोअर टेस्टचा. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा, वाफेला सगळ्यांत चिवट जंतू छोट्या कुपीत येतो. लोडमध्ये ठेवायचा, नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवायचा. मेला तर लोड पास. आठवड्यातून निदान एकदा, आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचा भाग) असलेल्या प्रत्येक लोडला. ईटीओसाठी, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूच्या यंत्रासाठी, जंतू निराळा, बॅसिलस अ‍ॅट्रोफेयस. कुप्यांची अदलाबदल झाली तर निकालाला काही किंमत नाही. आणि प्रत्येक वेळी त्याच बॅचची एक कुपी यंत्रात न घालता उबवायची, तिच्यात जंतू वाढलेच पाहिजेत. नाही वाढले तर कुप्याच मेलेल्या होत्या, मग ‘पास’ला काय अर्थ?

शेवटी यंत्रातून निघणारा तापमान-वेळेचा प्रिंटआउट. विद्यार्थ्यानं तो वाचून सही करायची, सही करून वाचायचा नाही. हसू नका. उलटं होतं.

ओलं निघालेलं बंडल वाळवून दिलं तर चालतं का?

चालत नाही. ओल्या कापडातून, कागदातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. ते बंडल उघडायचं, नव्यानं गुंडाळायचं, पुन्हा लावायचं. आणि कारण शोधायचं : ट्रे जड होता का (सुमारे ११ किलोच्या वर नको), बंडलं दाटीवाटीनं कोंबली का, पाऊच एकावर एक आडवे पडले का, वाळवण्याची वेळ तोडून दार उघडलं का, वाफच ओली येते का.

मे महिन्यात एका ठिकाणी गेले होते. नाव घेत नाही. गरम बंडलं लवकर निवावीत म्हणून मुलानं ती रॅकसकट कूलरसमोर लावली होती. वाळ्याच्या टट्ट्यातून आलेली ओली हवा, सोबत रस्त्याची धूळ, थेट ताज्या बंडलांवर. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आपण घरी हेच करतो. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की गरम बंडलं आपोआप निवू द्यायची, तोवर हात लावायचा नाही, आणि गार स्टीलच्या फळीवर तर मुळीच ठेवायची नाहीत, खालून घाम धरतो.

मुंबई-पुण्याचं प्रशिक्षण इथे जसंच्या तसं का चालत नाही?

बरंच चालतं. वाफ सगळीकडे तीच. पण इथला उन्हाळा आणि इथलं पाणी पुस्तकात नाही. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि मे महिन्यात ४५ च्या आसपास तर बहुतेक वर्षी असतोच. अशात धुण्याच्या खोलीतल्या माणसानं पाणी न झिरपणारा गाऊन, लांब जाड हातमोजे, मास्क, तोंडावर शिल्ड घालून चार तास उभं राहायचं. तो शिल्ड काढून ठेवणारच. त्याला नुसतं रागावून उपयोग नाही. आम्ही पाळीचं वेळापत्रक शिकवतो : उन्हाळ्यात धुण्याच्या बाजूला माणूस ठरावीक वेळानं बदलायचा, बाहेर येऊन, हात धुऊन पाणी प्यायचं. आणि या खोलीला कूलर लावायचा नाही, कारण इथली हवा स्वच्छ बाजूकडे ढकलली जाता कामा नये. व्यवस्थापनाला हे पटवणं अवघड जातं, कारण एसी आणि एक्झॉस्टला पैसे लागतात.

पाण्याचं असं, की शहराला पेंचचं आणि कन्हानचं पाणी येतं, पण बऱ्याच रुग्णालयांत टंचाईच्या दिवसांत बोअर जोडलेली असते. बोअरचं पाणी जड. क्षारांचे पांढरे ठिपके अवजारांवर बसतात, सांधे घट्ट होतात, वाफ तयार करणाऱ्या टाकीत थर चढतो. शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यानं करायचं आणि बोअर कधी सुरू झाली हे सीएसएसडीला कळवायचं, एवढे दोन नियम. पावसाळ्यात उलट त्रास, साठवणीच्या खोलीत दमट हवा. तिथे आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली ठेवायची, म्हणून भिंतीवर हायग्रोमीटर हवा. ती वस्तू फार महाग नाही. अनेक ठिकाणी भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर असतं, हायग्रोमीटर नसतो.

ईटीओ आणि प्लाझ्मा दोन्ही शिकावं लागेल का?

ओळख दोन्हींची, हातात घेणं ज्याच्या रुग्णालयात जे आहे त्याचं.

उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी ही यंत्रं. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा ५० अंशांच्या आसपास चालतो, तासाभरात लोड निघतो, मागे विषारी वायू उरत नाही. पण त्यात कागद, कापूस, कापड, द्रव काहीही चालत नाही, आणि वस्तू ठणठणीत कोरडी हवी. ओल राहिली की सायकल रद्द. एवढं लक्षात राहिलं तर निम्म्या तक्रारी संपतात.

ईटीओला मी घाबरते, आणि विद्यार्थ्यांनीही घाबरावं असं मला वाटतं. १९९४ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं हा वायू माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरलेला आहे. तो पेटही घेतो. ‘वास आला नाही म्हणजे गळती नाही’ हा सगळ्यांत घातक समज. अमेरिकेत कामगारासाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आहे, आणि नाकाला याचा गोडसर वास यायला काहीशे पीपीएम लागतात. वास आला तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून भिंतीवरचा गॅस अलार्म, वेगळा एक्झॉस्ट, आणि लोड झाल्यावर ५०-६० अंशांवर ८ ते १२ तासांचं एअरेशन. ‘डॉक्टरांना ट्यूब आताच पाहिजे’ म्हणून एअरेशन तोडलं, तर तो वायू रुग्णाच्या घशात जातो. गरोदर बाईला ईटीओवर लावायचं नाही. हे आम्ही रुग्णालयाकडून लेखी घेतो.

ऑर्थोचे व्हेंडर सेट रात्री येतात. त्याचं काय करायचं?

हा प्रश्न फक्त आतला माणूसच विचारू शकतो. सकाळी सातला गुडघ्याचं ऑपरेशन, आणि रात्री दहाला डीलरचा मुलगा बाइकवर चार डबे आणून टाकतो. म्हणतो, ‘दुसऱ्या हॉस्पिटलमधून धुऊनच आलेत.’

ते धुतलेले धरायचेच नाहीत. प्रत्येक डबा उघडून, मोजून, फोटो काढून, तुमच्या सिंकवर पहिल्यापासून धुवायचा. त्यात इम्प्लांट असेल तर स्पोअर टेस्ट लावायची आणि निकाल येईपर्यंत लोड अडवून ठेवायचा. जुन्या कुप्यांना निकालासाठी २४ ते ४८ तास लागायचे, त्यामुळे ‘अडवून ठेवा’ हे कागदावरच राहायचं. आता काही तासांत वाचता येणाऱ्या कुप्या मिळतात, म्हणून सबब उरलेली नाही. पण रात्री दहाला आलेला सेट कुठल्याही कुपीनं सकाळी सातला नीट तयार होत नाही, जर पाळीला एकच माणूस असेल तर. प्रशिक्षणात आम्ही हा हिशेब मुलांकडून करवून घेतो : धुणं किती, वाळवणं किती, सायकल किती, निवणं किती. बेरीज त्यांनी स्वतः मांडली की इन-चार्जकडे जाऊन ‘सेट आदल्या दुपारी मागवा’ म्हणायला बळ येतं. दोन रुग्णालयांनी डीलरला वेळेची अट घातली. बाकीच्यांचं अजून बाइकवर चाललंय.

कोण येऊ शकतं? सायन्स लागतं का?

आमच्या वर्गाला दहावी पुरे. बारावी सायन्स असेल तर जंतूंचा भाग सोपा जातो, इतकंच. नजर चांगली हवी, हात सावकाश हवेत. चष्मा चालतो.

पंधरा वर्षं ऑटोक्लेव्ह चालवतोय, पण कागद एकही नाही. पहिल्यापासून शिकू?

नको. पूर्वशिक्षणाची मान्यता म्हणजे आरपीएल नावाची वाट आहे : अनुभवी माणसाची परीक्षा घेऊन, कमी पडेल तेवढंच शिकवून प्रमाणपत्र. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आहे. जवळच्या केंद्रात सध्या आपल्या कामाची बॅच आहे का, ते विचारून घ्या.

एक सावधगिरी. अनुभवी मंडळींना नवीन शिकवणं सोपं असतं, जुनं सोडवणं फार अवघड. आमच्या वर्गात एक काका होते, वीस वर्षं मुरलेले. बंडल हातात घेऊन ‘हे ओलं आहे’ सांगायचे, आणि खरंच असायचं. पण हायपो सोडायला त्यांना तीन आठवडे लागले.

सर्टिफिकेट सरकारी असतं का? फसायला नको.

हा प्रश्न पालकांचा, आणि रास्त. व्यावसायिक प्रशिक्षणाचं नियमन राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी, करते. तिची अधिसूचना २०१८ ची. मान्य असलेला प्रत्येक अभ्यासक्रम राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरमध्ये असतो : नाव, सांकेतिक क्रमांक, पातळी, तास, आणि तो कधीपर्यंत वैध. फी भरण्याआधी संस्थेला हा क्रमांक विचारा आणि स्वतः तपासा. ‘येतोय, प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले तर चहा पिऊन निघा.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यानुसार ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं पदविका किंवा पदवी शिक्षण लागतं. काही महिन्यांचा कौशल्य कोर्स त्यात बसत नाही. तो सहायकाच्या नोकरीसाठी उपयोगी आहे, चांगला आहे, पण त्यावर ‘पॅरामेडिकल डिग्री’ असा बोर्ड लावून लाखभर घेणाऱ्यांपासून लांब राहा. ज्याला पुढे जायचंय त्यानं ओटी टेक्नॉलॉजीच्या पदवीचा विचार करावा.

इंग्रजी येत नाही.

शिकवणं मराठीत, नोट्स मराठीत. शब्द मात्र कामावरचेच ठेवलेत : लोड, सायकल, पाऊच, रिकॉल. ‘निर्वात वाफ निर्जंतुक संयंत्र’ असं कुणी लिहून पाठवलं होतं. ओटीत जाऊन ते म्हणून दाखवा. यंत्राच्या पडद्यावर आणि बाटल्यांवर येणारे इंग्रजी शब्द ओळखायला लागतात, ती यादी पाठ करून घेतो. वर्गात हिंदी बोलणारीही असतात, छिंदवाडा-बालाघाटकडची. त्यांचं अडत नाही.

पगार किती मिळेल?

आकडा मी देणार नाही, कारण रुग्णालयागणिक तो फार बदलतो. किमान वेतनापेक्षा कमी कुणी देऊ शकत नाही, आणि कंत्राटदारामार्फत घेतलं तरी नाही. खरं बोलायचं तर प्रमाणपत्रामुळे पहिल्या महिन्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनाची तयारी करणाऱ्या रुग्णालयात, कारण तपासणीला आलेला माणूस थेट सीएसएसडीत येऊन विचारतो, ‘हा लोड कुणी पास केला, दाखवा.’ तेव्हा उत्तर देऊ शकणाऱ्याला व्यवस्थापन सोडत नाही.

कामात सुई टोचली तर?

जागा पिळायची नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची, लगेच इन-चार्जला सांगायचं, आणि एचआयव्ही टाळण्याचं औषध लागणार असेल तर ते पहिल्या काही तासांत, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. लपवायचं नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) आणि धनुर्वाताची लस हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयानं द्यायचे असतात. आमच्याकडे पहिला डोस झाल्याशिवाय सिंकवर उभं करत नाही. ट्रेमध्ये विसरलेली सुई हा गुन्हा ओटीचा, पण बोट आपलं. म्हणून ट्रेमध्ये हात आंधळेपणानं घालायचा नाही.

आमचं वीस खाटांचं रुग्णालय. सीएसएसडी म्हणजे एक खोली. आम्हाला हे परवडेल?

खोली एक असली तरी चालेल, पण सामानाची वाट एकाच दिशेची हवी : दाराजवळ घाण, मग सिंक, मग कोरडं टेबल, मग ऑटोक्लेव्ह, पलीकडे कपाट. धुतलेलं परत सिंकजवळ यायला नको. जमिनीवर रंगाची पट्टी ओढली तरी माणूस पाळतो. पैसे कमी असतील तर खर्चाचा क्रम माझ्या मते असा : ब्रशचा पूर्ण संच, भिंग आणि चांगला दिवा, आतले इंडिकेटर, स्पोअर टेस्ट, आणि मग अल्ट्रासोनिक क्लीनर. नवीन ऑटोक्लेव्ह सगळ्यांत शेवटी. डॉक्टर नेमकं उलट्या क्रमानं खरेदी करतात.

मोठं वॉशर मशीन आलं की आमची नोकरी जाईल का?

मी तरी तसं पाहिलं नाही. मशीनमध्ये घालण्याआधी अवजार उघडावं लागतं, नळी जोडावी लागते, आणि मशीनमधलं फिरणारं पातं अडलंय का ते बघावं लागतं. ते बघणारा माणूसच.

परीक्षा कशी असते?

लेखी थोडी. बाकी टेबलावर. एक सेट देतो, त्यात मुद्दाम तीन दोष घालतो : एका कात्रीची धार गेलेली, एका सांध्यात गंज, एका नळीत अडकवलेला धागा. एक खोटा प्रिंटआउट देतो, ज्यात तापमान दोन मिनिटं खाली गेलेलं असतं. आणि एक ‘रिकॉल’ : काल दुपारच्या लोडची स्पोअर टेस्ट नापास आली, आता काय? नोंदवहीतून त्या लोडचा प्रत्येक ट्रे कुठे गेला ते पंधरा मिनिटांत शोधायचं. नोंद अर्धवट ठेवणाऱ्याला इथे घाम फुटतो.

सर्जन घाई करतात, ‘दे तसाच’ म्हणतात. आम्ही काय बोलणार?

याला उत्तर नव्हतं म्हणून हा भाग नव्यानं घातला, आणि शिकवायला तोच सगळ्यांत कठीण गेला. गाभा असा, की मुलानं स्वतःचं मत मांडायचंच नाही, कागद मांडायचा. ‘सर, लोड क्रमांक सतरा, इंडिकेटर नापास, हा बघा. दुसरा सेट दहा मिनिटांत देतो.’ तीन गोष्टी : काय अडलं, पुरावा, पर्याय. वर्गात मी सर्जन होते, मास्क लावून ओरडते, आणि मुलं हे वाक्य म्हणतात. पहिल्या दिवशी आवाजच निघत नाही. गडचिरोलीची एक मुलगी तर हसू दाबत नुसती कागद पुढे करायची. मी म्हटलं, चालेल, कागद पुढे आला ना.

सर्जन तरीही म्हणाले ‘मी जबाबदार’, तर नोंदवहीत त्यासाठी रकाना आहे : सेट कुणी मागितला, वेळ, सही. तो रकाना आम्ही मुद्दाम ठेवला. आमच्या ओळखीच्या एका सीएसएसडीत तो आठ महिने कोराच आहे. सही करायला पेन पुढे केलं की सेटसाठी दहा मिनिटं थांबता येतं.